संध्याकाळ निवडली की गाय जायची

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसहाला अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे संगमनेरजवळच्या एका गावातल्या दूध संकलन केंद्राचे सचिव, त्यांच्याकडचं सॉफ्टवेअर मी लिहून दिलेलं. "ताई, गाईच्या दुधाला म्हैस लागतीय अन् दर शून्य येतोय, लोकं खोळंबलीत, तेवढं या लगेच."

लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्कूटीवर निघाले. पाऊण तासाने पोचले तर काउंटरपासून पार रस्त्यापर्यंत कॅन आणि किटल्यांची रांग, वरून भुरभुर चालू, आणि काउंटरवरचा पोरगा घामाघूम. त्याला म्हटलं आधी वहीत लिहून घे, नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), बाकी रात्री बघू, लोकांना घरी जाऊ दे. आणि मी बाजूला बसून त्याने काढलेल्या पावत्या बघायला लागले.

पावत्या दोन तऱ्हेने चुकलेल्या होत्या. काहींवर गाय बरोबर होती पण शिफ्ट सकाळ पडलेली. काहींवर संध्याकाळ बरोबर पण दूध म्हशीचं. आता गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून, दोघांचे चार्ट वेगळे. त्या केंद्राच्या म्हशीच्या चार्टमध्ये ५ फॅटच्या खाली रकानाच नव्हता, म्हणून ३.८ फॅटचं गाईचं दूध म्हशीत गेलं की दर शून्य. रांगेतल्या एका आजींच्या हातात अशी पावती होती, चार लिटर दूध आणि रक्कम ०.००. त्या भांडत नव्हत्या काही, पावती नुसती माझ्यापुढे धरून उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं, कारण दहा दिवसांनी जो दुधाचा पगार होतो त्यावर त्या घरातलं काय काय चालतं ते मला माहितीये.

पोरगा म्हणाला, "ताई, गाय दाबली की सकाळ होतंय, संध्याकाळ दाबली की गाय जातीय, दोन्ही एकदम राहतच नाय." आणि त्याने करून दाखवलं. हात ओले असतात म्हणून तो माउस धरत नाही, कीबोर्डवरचे बाण वापरतो. गाय, उजवा बाण, म्हैस, परत उजवा बाण, आणि निवडीचं टिंब म्हशीवरून थेट सकाळवर गेलं! तिथंच मला कळलं काय झालंय. गाय, म्हैस, सकाळ, संध्याकाळ ही स्क्रीनवरची चारही बटणं एकाच माळेत आली होती.

झालं होतं असं. प्रोग्रॅम क्यूटमध्ये (Qt, स्क्रीनवरच्या खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) आहे. आधी गाय आणि म्हैस एका चौकटीत होते, सकाळ आणि संध्याकाळ दुसऱ्या चौकटीत, म्हणजे दोन क्यूग्रुपबॉक्स. केंद्रातला मॉनिटर लहान, चौकटी जागा खातात, म्हणून दोनच दिवसांपूर्वी मी त्या काढून चारही रेडिओ बटणं (गटातलं एकच निवडता येतं अशी गोल बटणं) एका ओळीत आणली होती. दोन जोड्या वेगवेगळ्या लेआउटमध्ये ठेवल्या आणि तेवढं पुरेल असं धरून चालले. पण लेआउट हा बटणाचा पॅरेंट (ज्याच्या पोटात बटण असतं तो भाग) होत नसतो, तो फक्त जागा वाटून देतो. चौकटी गेल्यावर चारही बटणांचा पॅरेंट एकच झाला, तो फॉर्म, आणि क्यूटमध्ये रेडिओ बटणाची ऑटोएक्सक्लुझिव्ह प्रॉपर्टी मुळातच चालू असते, एका पॅरेंटखालची सगळी रेडिओ बटणं आपोआप एकच गट धरली जातात. चारात एकच निवडता येणार.

मग माझ्या टेस्टिंगमध्ये हे कसं नाही दिसलं? मी टेस्ट केलं होतं सकाळी अकराला. सेव्ह करताना माझा कोड विचारायचा, संध्याकाळ निवडलीये का, नसेल तर सकाळ. सकाळच्या वेळी गाय दाबली की सकाळवरचं टिंब जायचं पण पावतीवर सकाळच यायची, बरोबर. दुधाचंही तसंच, गाय निवडली नसेल तर म्हैस. त्या "नसेल तर" ने सगळं झाकून टाकलं, आणि ती बिल्ड (प्रोग्रॅमची बदललेली आवृत्ती) केंद्रात पडल्यावर पहिल्याच संध्याकाळी हे उघडं पडलं.

अण्णांना काय सांगायचं? त्यांच्या ऑफिसात जुना टेबल फॅन आहे, ० १ २ ३ च्या बटणांचा, एक दाबलं की दुसरं वर येतं. म्हटलं अण्णा, दोन फॅनची बटणं माझ्याकडून एकाच पट्टीवर बसली, त्या फॅनचा १ दाबला की ह्या फॅनचा २ उडतोय. ते म्हणाले, "मग पट्ट्या वेगळ्या करा की." अगदी तेच करायचं होतं.

चौकटी परत टाकल्या असत्या तर पाच मिनिटांत भागलं असतं, पण मग पुढे कोणीही डिझाइन हलवलं की हेच परत. म्हणून तिथंच काउंटरवर बसून दोन क्यूबटनग्रुप केले, एक दुधाचा एक शिफ्टचा. हा ग्रुप स्क्रीनवर दिसत नाही, जागा खात नाही, बटणं कुठेही ठेवा तो फक्त कोण कोणाबरोबर आहे एवढं धरून ठेवतो. ॲडबटन करताना प्रत्येकाला आयडी दिला, गाय १, म्हैस २, आणि सेव्ह करताना "नसेल तर" काढून टाकून सरळ चेकेडआयडी, म्हणजे निवडलेल्या बटणाचा आयडी, वाचला. काहीच निवडलेलं नसेल तर तो -१ देतो, तसं आलं तर पावती निघणारच नाही, आधी निवडा असं सांगणार. (आयडी न देता बटण टाकलं तर क्यूट स्वतःच -२ पासून खाली नंबर देतो, म्हणजे -१ चा अर्थ कायम एकच राहतो, हे मला फार आवडतं.)

एक गोष्ट अडली. मला प्रत्येक पावतीनंतर दुधाची निवड पुसायची होती, कारण एकाच घरात गाय आणि म्हैस दोन्ही असतात आणि आधीच्याची निवड पुढच्याला चिकटते. पण गट एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एका वेळी एकच निवड धरणारा, असताना निवडलेलं बटण सेटचेक्ड फॉल्स (निवड काढायचा आदेश) करून सुटत नाही. आधी सेटएक्सक्लुझिव्ह फॉल्स, मग बटण सोडवा, मग परत ट्रू, असं केल्यावर सुटलं. पोरगा थोडा नाराज होता, प्रत्येक वेळी एक की जास्त. अण्णाच म्हणाले, "राहू दे, एक की जास्त परवडली."

नवी बिल्ड पावणेनऊला चालू झाली. मग अण्णा, पोरगा आणि मी अशी तिघं वही आणि पावत्या समोर घेऊन बसलो. फॅट बघून बहुतेकांचं लगेच कळत होतं, ज्यांच्याकडे दोन्ही जनावरं आहेत त्यांना अण्णांनी एकेक फोन लावून विचारलं. सकाळ पडलेल्या पावत्यांची वेळ डेटाबेसमध्ये होतीच, त्या शिफ्ट बदलून परत छापल्या. साडेदहा वाजून गेले.

आजींचं घर केंद्राच्या मागेच. निघताना मीच जाऊन पावती दिली, गाय, संध्याकाळ, ४ लिटर, फॅट ३.८. त्यांनी नातवाकडून वाचून घेतली, रक्कम दोनदा वाचायला लावली, आणि घडी करून देवाऱ्याखालच्या डब्यात ठेवली.