तुम्ही विचारलंत म्हणून: तो केशरी रंग खराच असतो का?

"रंग नंतर भरता ना?" समुद्रावरच्या सूर्यास्ताचा फोटो दाखवला की हा प्रश्न ठरलेला. नाही, भरत नाही. उलट तुमचा कॅमेरा तो पुसून टाकतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग, ऑटोवर असला की कॅमेरा केशरी उजेड हा दोष समजतो आणि निळ्याकडे झुकवून तो 'दुरुस्त' करतो. डेलाइटवर ठेवा, साधारण ५२०० ते ५५०० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप). रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, हे नंतरही बदलता येतं, जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, तितकंसं नाही.

पण रंग खरा मरतो तो एक्स्पोजरमध्ये, म्हणजे किती उजेड आत घेतला त्यात, आणि नेमकं हेच कुणी ऐकून घेत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांत असतो, प्रत्येकी ० ते २५५. सूर्यालगतच्या आकाशात लाल सगळ्यांत आधी २५५ला टेकतो. उजेड आणखी घेतला की लालला वर जायला जागाच नसते, हिरवा मात्र चढत राहतो, आणि केशरीचा पिवळा होतो. मग निळाही चढतो आणि पिवळ्याचा पांढरा. तिन्ही टेकले की तिथला रंग परत मिळत नाही. म्हणून सूर्य चौकटीबाहेर ठेवून शेजारच्या आकाशावर एक्स्पोजर मोजा, मॅन्युअलवर तेच आकडे ठेवा आणि मगच चौकट लावा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचा आलेख, तिन्ही रंगांचा लावा, नजर लालवर. उजेड भराभर उतरतो, दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. मोबाइलवर सूर्याशेजारी बोट दाबून धरा, लॉक झालं की ब्राइटनेस खाली ओढा. वाळू, माणसं काळी पडतील. पडू द्यात.

रोज तोच रंग मिळत नाही, हेही खरं. हिवाळ्यात मुंबईत धुरक्यामुळे सूर्य पाण्याला टेकण्याआधीच विरतो. गिरगाव चौपाटीवरून तर तो मलबार हिलमागे जातो. समुद्रात बुडताना हवा असेल तर नरिमन पॉइंट गाठा. टेकल्यापासून दिसेनासा होईपर्यंत हातात जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटं असतात, तेवढ्यात लेन्स पुसत बसू नका. खाऱ्या वाऱ्याचा थर आधीच काढा: प्रथम ब्लोअर, मग किंचित ओलं कापड. कोरडं घासलंत तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात.

रॉमधून फोटो तयार करताना सावल्या थोड्या उघडतो, म्हणजे काळे भाग उजळतो, हे कबूल. कॅमेऱ्यातून निघेल तेच खरं, असं माझंही मत होतं. पण तो जेपेगसुद्धा कंपनीने आधीच ठरवलेल्या हिशेबातूनच येतो. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, नक्की कुठे थांबवायचं, याचं पक्कं उत्तर मात्र माझ्याकडे आजही नाही.