विश्वस्तांचे मानधन : निरंक

गेल्या मे महिन्यातली दुपार. लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच पंखा चालू, आणि दारात गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला यांनीच मला अपूर्णांक शिकवले. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन संस्थांच्या हिशेबांच्या झेरॉक्स. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज केला होता, धर्मादाय कार्यालयात तीन हेलपाटे घातले होते. लातुरात सीए म्हणून मला सोळा वर्षं झाली. देणगी द्यायच्या आधी एवढी तयारी करून आलेला माणूस मी पाहिला नव्हता.

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या नावानं पाच लाख द्यायचे आणि ते ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी, एवढं ठरलेलं. मायबाप कोयता घेऊन कारखान्यांकडं निघाले की मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. तशी चालवणाऱ्या दोन संस्था त्यांनी निवडल्या होत्या, एक आपल्या जिल्ह्यातली, एक बीडकडची.

"माझा पैसा पगारात जायला नको, एवढंच बघ," गुरुजी म्हणाले. "बीडवाली बाई महिन्याला नव्वद हजार घ्यायलीय. समाजसेवेचे नव्वद हजार! अन् आपले अध्यक्ष रुपयाला शिवत नाहीत."

टेक्सासातल्या मुलानं फोनवर सांगितलं होतं म्हणे, संस्थाप्रमुखाचा पगार आधी बघा. तिकडं ते सोपं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या धर्मादाय संस्था दरवर्षी फॉर्म ९९० भरतात, त्यात वरच्या अधिकाऱ्यांचे पगार नावानिशी असतात आणि तो कुणालाही बघता येतो. २०१७ च्या कायद्यानं तर दहा लाख डॉलरच्या वर पगार गेला की वरच्या रकमेवर संस्थेकडूनच २१ टक्के कर घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडं १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली शेड्यूल ९, म्हणजे संस्थेचं वर्षाचं जमाखर्च पत्रक, भरायचं असतं. त्यात खर्चाच्या बाजूला एक स्वतंत्र ओळच आहे : विश्वस्तांचे मानधन. बीडच्या संस्थेपुढं १०,८०,०००. आपल्या अध्यक्षांपुढं निरंक.

मी आपल्या जिल्ह्यातल्या संस्थेच्या खालच्या ओळींकडं गेले. 'ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च – शैक्षणिक' यात इमारत भाडं होतं, ६,६०,०००. म्हणजे महिन्याला पंचावन्न हजार, बाराही महिने. पोरं राहतात जेमतेम सहा महिने. त्या रस्त्यावरचे भाव मला ठाऊक आहेत, तिथं एवढ्या भाड्यात मंगल कार्यालय मिळेल. "इमारत कुणाची, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढला. "वास्तुशांतीला जेवून आलोय की मी. अध्यक्षांच्या बायकोच्या नावावर हाय ती."

संस्थेनं विश्वस्ताच्या घरच्यांची जागा भाड्यानं घेणं हा गुन्हा नाही. आयकर कायदा एवढंच विचारतो, की भाडं बाजारभावाला धरून आहे का. नसेल तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. पण हे विचारायला कुणीतरी त्या ओळीपर्यंत पोचावं लागतं, आणि 'शैक्षणिक' शब्द वाचला की माणूस थांबतो.

खरं सांगायचं तर मला तेव्हा गुरुजींकडं बघवेना. माझ्याही एका पक्षकार संस्थेत मानधन निरंक आहे आणि अध्यक्षांच्या भावाची जीप वर्षभर भाड्यानं चालते. मी दरवर्षी अहवालात त्याची एक बारीक टीप टाकते आणि सही करते.

"मग प्रशासकीय खर्च किती टक्के, ते बघावं का?" गुरुजी म्हणाले. बघा, पण तो आकडा कणकेसारखा असतो. परदेशी देणग्यांतून प्रशासनावर ५० टक्क्यांपर्यंत खर्च चालायचा, २०२० मध्ये मर्यादा २० वर आली. प्रत्यक्ष कामावरच्या माणसांचे पगार मात्र त्यात धरत नाहीत. मग एकच माणूस कागदावर कधी ऑफिसात बसतो, कधी वसतिगृहात. तो कुठं बसवायचा ते आम्हीच बघतो.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग किल्लारीचं काढलं. १९९३ ला ते औसा तालुक्यात नोकरीला होते. गणपती विसर्जन झालं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप. "रांगा लागल्या होत्या संस्थांच्या. फुकट काम करणारे लई आले, बरं वाटलं. दिवाळीपर्यंत निम्मे गेले. ज्यांना पगार होता ते थांबले." हे त्यांनाच नव्यानं आठवल्यासारखं दिसलं. मग बीडच्या कागदावरचा नंबर त्यांनी माझ्यापुढंच फिरवला, स्पीकरवर.

"मी निवृत्त शिक्षक बोलतोय. तुम्ही महिन्याला नव्वद हजार घेता, हे खरं का?"

मी टेबलाखाली पाय आवळून घेतले. पलीकडून ताई म्हणाल्या, "हो. गेल्या साली चौऱ्याऐंशी होते. मंडळाचा ठराव आहे, पाठवू का?" दहा मिनिटांत ठरावाचा फोटो व्हॉट्सॲपवर आलासुद्धा.

"अन् रात्री पोरांजवळ झोपती त्या बाईला किती?"

या वेळी उत्तराला वेळ लागला. "सात हजार. हंगामापुरते." मग जरा थांबून, "कमी आहेत, गुरुजी. कपाटाला पैसे मिळतात, संगणकाला मिळतात. या बायांच्या पगाराला कुणी देत नाही."

फोन ठेवल्यावर गुरुजींनी झेरॉक्सच्या पाठीवर भागाकार केला. "जवळजवळ तेरा पट," म्हणाले. "आमच्या शाळेत हेडमास्तर अन् शिपायात तिप्पट फरक असल, तरी शिपाई बोलून दाखवायचा." चहा अर्धा ठेवून ते उठले. माझी फी विचारली, मी हात जोडले.

मला वाटलं, आता कुणालाच देत नाहीत. तीन आठवड्यांनी पुन्हा आले ते चेक आणि पत्राचा मसुदा घेऊन. पाचऐवजी दोन लाख, बीडच्या संस्थेला. पत्रात लिहिलं होतं : ही रक्कम फक्त वसतिगृहात रात्री मुलांजवळ राहणाऱ्या महिलांच्या पगारवाढीसाठी वापरावी, फलक लावू नये. मी एक शब्द बदलला, बाकी तसंच ठेवलं. देणगीवरच्या करसवलतीसाठी ८० जी ची पावती मागा म्हटलं. मग लक्षात आलं, त्यांची पेन्शन नव्या करप्रणालीत आहे, तिथं ती सूट मिळतच नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं.

"उरलेले तीन?"

"त्या बायांच्या पगाराचा आकडा हलला का, ते बघून. यंदाचा हिशेब कधी निघंल?"

"ऑडिटची शेवटची तारीख ३० सप्टेंबर, गुरुजी. लिहून देऊ का?"

"ती तारीख मला लिहून ठेवावी लागत नाही," ते म्हणाले आणि पिशवी खांद्याला अडकवून जिना उतरले.