तुमच्या कथेत परग्रहवासी का नसतो?

कथावाचन संपलं की चहाबरोबर हा प्रश्न येतोच. फोंड्याला येतो, डिचोलीला येतो. म्हापशाच्या एका मास्तरांनी तर तो तक्रारीच्या सुरात विचारला: "बाब, अंतराळात माणसं पाठवता, त्यांना मरणाच्या दारात नेऊन उभं करता, आणि दारापलीकडे कोणीच नाही? एखादा परग्रहवासी तरी ठेवा!" तुम्ही सगळ्यांनीच विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

परग्रहवासी आला की माझं काम फार सोपं होतं. तो दिसतो, त्याला दात असतात, त्याच्यावर बंदूक रोखता येते. अंतराळात आजवर माणसांच्या जिवावर बेतलं ते मात्र अगदी मामुली गोष्टींमुळे. 1971 मध्ये सोयूझ 11 हे सोव्हिएत यान परतत असताना हवेची एक झडप भलत्या वेळी उघडली आणि आतले तिघे अंतराळवीर गेले. एकदा तर चक्क पाणी जिवावर उठलं.

ती पाण्याची हकीकत सांगायलाच हवी. 16 जुलै 2013. इटलीचा लुका पार्मितानो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर स्पेसवॉक करत होता. डोक्यामागे ओलं लागलं. आपल्याकडे थेंब ओघळून गेला असता. तिथे ओघळायला खालची बाजूच नाही. पाणी कातडीला चिकटून राहिलं आणि हेल्मेटच्या आतून पुढे पसरत आलं. डोळ्यांवर आलं, कानांत शिरलं, नाकपुड्या झाकल्या. परत फिरायचा हुकूम झाला तोवर सूर्यही मावळला. समोरचं दिसेना, बोललेलं नीट ऐकू येईना. कमरेला बांधलेली सुरक्षा-दोरी आपोआप गुंडाळली जाते, तिची बारीकशी ओढ जिकडे लागेल तिकडे चाचपडत तो एअरलॉकपर्यंत, म्हणजे स्थानकात शिरायच्या दुहेरी दारांच्या खोलीपर्यंत पोचला. पाणी निघालं दीड लिटरच्या आसपास. पृथ्वीपासून 400 किलोमीटर उंचावर माणूस हेल्मेटमध्ये बुडायचा राहिला! सूटमधल्या पंपाची बारीक भोकं बुजली होती, म्हणून थंडाव्यासाठी फिरणारं पाणी हवेच्या मार्गात शिरलं, असं पुढे निघालं.

माझा जीव अडकला तो वेगळ्याच तपशिलात. त्याआधीच्या, म्हणजे 9 जुलैच्या स्पेसवॉकनंतरही त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी सापडलं होतं. पिण्याच्या पिशवीतून गळलं असणार, असं म्हणून विषय मिटला. यात कोणी मूर्ख नव्हतं. पिशव्या गळतात, तुम्ही-मी असतो तर हेच म्हटलं असतं. माझी कथा तिथे सुरू होते, सगळ्यांना पटेल असं काहीतरी कोणी बोलून जातं तिथे. राक्षसाला पाहून 'पिशवी गळली असेल' असं कोण म्हणेल?

कथा एवढ्या आखूड का, हेही लगोलग विचारलं जातं. वेळच तेवढा असतो. उघड्या पोकळीत माणूस दहा-पंधरा सेकंद शुद्धीवर राहतो. (फुटून वगैरे जात नाही, ती सिनेमावाल्यांची हौस.) आणि नवे लेखक ज्याच्या मागे हात धुऊन लागतात तो ऑक्सिजन बरेचदा शेवटी संपतो. एप्रिल 1970 मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो 13 ची ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर तिघांनी चांद्रयानात, म्हणजे दोघांना चंद्रावर उतरवायच्या जोडयानात, आसरा घेतला. तिथे ऑक्सिजन पुरेसा होता. जीव घेऊ पाहत होता त्यांचाच उच्छ्वास. कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे दोघांच्या हिशेबाने ठेवलेले. मुख्य यानात जादा डबे होते, पण ते चौकोनी आणि चांद्रयानातली जागा गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, सूटच्या नळ्या आणि चिकटपट्टी लावून ते जोडले, तेव्हा कुठे निभावलं. एवढी सामग्री समोर असताना मी परग्रहावरून पाहुणे कशाला बोलावू?

"पण हे सगळं गोव्यात बसून कसं सुचतं?" असंही विचारतात. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या आपल्या स्थानकांचा कारभार तिथून चालतो. देशाची पहिली अंटार्क्टिक मोहीमही डिसेंबर 1981 मध्ये गोव्यातूनच निघाली. मैत्रीवर हिवाळा काढून आलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं होतं, सगळ्यांत भीती कशाची वाटायची? थंडी किंवा काळोख म्हणतील अशी माझी अटकळ. ते म्हणाले, "आगीची." हवा खडखडीत कोरडी, वारा मोकाट, पाणी गोठलेलं. आणि निवारा जळाला तर जायचं कुठे?

ते ऐकल्यावर रशियाच्या मीर या अंतराळ स्थानकावरची आग मी पुन्हा वाचून काढली. 23 फेब्रुवारी 1997. ऑक्सिजन तयार करणाऱ्या डब्याने पेट घेतला. म्हणजे आग स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवत होती. स्थानकावर सहा माणसं. सुटकेसाठी सोयूझ दोन, प्रत्येकात तीन जागा. आणि एका सोयूझची वाट नेमकी त्या ज्वाळेने अडवलेली. प्रत्यक्षात ती विझली, सगळे वाचले, कोणावर काही ठरवायची पाळी आली नाही. ती आणखी दहा मिनिटं जळली असती तर उरलेल्या तीन जागांचं काय झालं असतं, ते यंदा दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलंय.