पाच आठवड्यांवरून एका आठवड्यावर

आज मावशीबरोबर रेडिएशनला गेले होते. छातीवर गोंदलेले बारीक ठिपके लेझरच्या रेषांशी जुळवण्यातच बराच वेळ गेला, मशीन फिरलं ते जेमतेम काही मिनिटं. दुखत नाही, काही जाणवतही नाही. थकवतं ते रोजचं जाणं-येणं, आणि सोबतच्या माणसालाही.

म्हणूनच या उपचारात झालेला बदल मला फार मोलाचा वाटतो. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी सरसकट २५ डोस, म्हणजे पाच आठवडे. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी ते १५ वर आणले. मग २०२० मध्ये तिथल्याच 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीचे निष्कर्ष आले: ४० ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक) १५ डोसांत देण्याऐवजी २६ ग्रे पाच डोसांत, एकाच आठवड्यात दिले, तरी पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. कोविडमध्ये तर ही पद्धत झपाट्याने पसरली.

हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर ८ ग्रेचा एकच डोस बहुतेकांना पुरतो. हे कितीतरी वर्षांपासून माहीत आहे, तरी अजूनही बऱ्याच ठिकाणी दहा-दहा डोस दिले जातात. याचा मला खरंच राग येतो. आधीच वेदनेने पिळवटलेल्या माणसाला दहा वेळा त्या कडक टेबलावर का झोपवायचं?

कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी रेडिएशन लागतं. घरात कुणाचं सुरू होणार असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, कमी डोसांत होईल का? सगळ्यांना ते चालत नाही, गाठ कुठे आणि किती पसरली यावर ठरतं. पण विचाराच.