मुळाक्षरांचे ठोकळे : ३४ पैकी १९ झाले

मंडळी, मागच्या नोंदीनंतर दोन महिने गेले आणि टेबलावर आता १९ ठोकळे उभे आहेत. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. दोन इंची लाकडी ठोकळे, प्रत्येकावर एक मुळाक्षर, आणि नियम एकच: कमळाचं चित्र चिकटवून क करायचा नाही. ज्या अक्षराचा ठोकळा, त्या अक्षराची वस्तू त्यावर खरीखुरी लागली पाहिजे. ट ला टिकल्या, ब ला बटणं, स ला सुतळी. फक्त व्यंजनं घेतली, त्यांतले ङ आणि ञ सोडले, क्ष आणि ज्ञ धरले, म्हणून ३४. भाचीसाठी चाललंय सगळं. ती तीन वर्षांची आहे, त्यामुळे बटणं-टिकल्यांचे ठोकळे सध्या उंच फळीवरच राहणार.

हा नियम सुचला तो आजोळच्या देवघरातल्या लक्ष्मीमुळे. रवि वर्मा छापखान्याचं चित्र होतं ते. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं घरी आणून बायका त्यांना सजवायच्या. आमच्या लक्ष्मीलाही कुणीतरी छापील लुगड्यावर खऱ्या कापडाचं लुगडं नेसवलं होतं, काठाला जर, दागिन्यांवर टिकल्या. लहानपणी मला ते चित्र वाटायचंच नाही, लक्ष्मी खरंच काहीतरी नेसली आहे असं वाटायचं. कागद, कापड, जर आणि रंग एकाच चौकटीत नांदवायचं हे काम आपल्याकडे घराघरांत होत आलंय, त्याला आपण ‘मिश्र माध्यम’ असं नाव दिलं नव्हतं एवढंच.

लाकूड पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधलं. निम्मे तुकडे पाइनचे, निम्मे सागवानी, आणि दोन्हींचे स्वभाव वेगळे. सागात तेल असतं, त्यामुळे रंग धरत नाही आणि नखानं निघतो. आता लावण्याआधी थिनरच्या फडक्यानं पुसून घेते. पाइनचा त्रास गाठींचा. पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले तरी गाठीतलं राळेसारखं पिवळं वर येतंच. सुतारकाकांनी सांगितलं, आधी चपडा मार. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन हात गाठीवर दिले आणि पिवळेपणा थांबला. चपडा म्हणजे लाखच, तेव्हा त्याच ठोकळ्याचा ल केला. अख्खा चपड्यानं पॉलिश केला आणि अक्षर लाल लाखेनं मोहोर लावावी तसं भरलं. बाकीची अक्षरं मी बोरूनं लिहून कापते, आणि ल पाकळीचा, श देठाचा यावर माझा हट्ट आहे. २००९ च्या शासन निर्णयातही हीच रूपं आहेत. बाजारातल्या बहुतेक तयार अक्षरठोकळ्यांवर हिंदी वळणाचे ल आणि श असतात, आणि मराठी मूल तेच पाहून शिकतं, हे मला मनापासून खटकतं.

ख साठी खडू. शाळेचे खडू कुटले, वस्त्रगाळ केले, पातळ फेविकॉलमध्ये कालवले. घरचा गेसोच झाला, म्हणजे रंगाच्या आधी द्यायचा पांढरा लेप. पहिला हात जाड दिला आणि रात्रीतून उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या. खरवडून पुन्हा केलं: साईइतके पातळ पाच हात, प्रत्येक हात सुकल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर. आता तो ठोकळा हाताला अंड्याच्या टरफलासारखा लागतो.

प म्हणजे पतंगाचा कागद, आणि इथे मी तीनदा अडले. ओलं फेविकॉल लागलं की गुलाबी रंग सुटतो आणि कागदाला सुरकुत्या पडतात. शेवटी ज्या रीतीनं जमलं ती सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांचा आहे. फेविकॉल थोडं पाणी घालून फक्त लाकडावर लावायचं, दोन हात, आणि पूर्ण सुकू द्यायचं. बोटाला अजिबात चिकटता कामा नये. मग कोरडा कागद वर ठेवायचा, त्यावर बेकिंगचा कागद, आणि मध्यम गरम इस्त्री मधून कडेकडे दाबत न्यायची. सुकलेलं फेविकॉल उष्णतेनं मऊ होतं आणि गार होताना कागद धरून ठेवतं. पाणी नाही, त्यामुळे रंग सुटत नाही आणि सुरकुतीही नाही. वरून वॉर्निश मात्र पाण्याचं चालत नाही, तिथेही चपडाच. स्पिरिटनं माझ्या कागदाचा रंग सुटला नाही, पण तुमच्या कागदाचा कोपरा आधी तपासून घ्या.

याच खुशीत त साठी बसचं तिकीट इस्त्रीखाली घातलं आणि दोन सेकंदांत ते काळंठिक्कर पडलं. मशीनमधून येणाऱ्या तिकिटाच्या कागदावर उष्णतेनं काळा होणारा लेप असतो, छपाईच त्यानं होते. हे मला माहीत होतं, तेव्हा आठवलं नाही. तिकीट वडिलांबरोबरच्या शेवटच्या कोकणफेरीचं होतं. दोन दिवस हात लावला नाही टेबलाला. मग जुन्या बाजारात छापील तिकिटांचा गठ्ठा मिळाला, कंडक्टर पेटीतून काढून पंच करायचा ती. त त्यांचाच झाला, पण त्याच्या तळाला ते काळं तिकीट लावलंय.

आता ळ आणि ण. ळ नं सुरू होणारा शब्द नाही, ण नं तर नाहीच. बालभारतीच्या वयापासून आपण ‘ण बाणाचा’ म्हणत आलो. म्हणून इथे नियम सैल केला: अक्षर शब्दात शेवटी आलं तरी चालेल. ळ ला खळ घेतली. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. बाइंडर लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी, आणि ठोकळे लहान मुलीचे, म्हणून मी नाही घातलं. खळ रोज लागेल तेवढीच करते.

खळीनं मला कागद शिकवला. फेविकॉल पटकन धरतं, चुकलं की चुकलं. खळ हळू सुकते, कागद सरकवता येतो, सांडलेली पुसली की चकाकी राहत नाही. आणि कागदाला उभं-आडवं असतं हे तिच्यामुळे उमगलं. भिजल्यावर तो एका दिशेला जास्त फुगतो. म्हणून जुन्या चोपडीच्या पट्ट्यांना खळ लावून पाच मिनिटं तशाच ठेवायच्या, फुगायचं ते फुगू द्यायचं, मग ठोकळ्यावर बसवायच्या. सुकताना त्या आक्रसतात आणि ढोलकीच्या पुडीसारख्या ताणल्या जातात. मी इतकी वर्षं लावल्या-लावल्या बोटानं फुगे दाबत बसायचे.

ण ला खण, चोळीचा, जांभळा, बारीक नक्षीचा. कापडाला थेट गोंद लावला की तो वर झिरपतो आणि डाग पडतो. ळ च्या अनुभवावरून खणाला आधी मागून खळीनं पातळ कागद लावला, दाबाखाली सुकवला आणि मग कागदासारखाच कापला. धागे सुटले नाहीत, कडा सुरीसारख्या आल्या. सगळ्या संचात मला हा ठोकळा सगळ्यात जास्त आवडतो.

ज फसलाय. जरीचा काठ वरून सोन्यासारखा दिसत होता, पण आत तांबं असणार. गोंद लागल्यावर पंधरा दिवसांत हिरवट पडला. दुसरा काठ तुळशीबागेतून आणलाय, त्याला मागून कागद लावून कोरडाच, इस्त्रीनं चिकटवणार आहे.

आणि पावसाळ्याचा एक धडा: वॉर्निश बोटाला कोरडं लागलं म्हणजे सुकलं असं नाही. जुलैत मी फ आणि ब एकमेकांवर रचून ठेवले, दुसऱ्या दिवशी ओढून काढताना फ ची फीत ब ला चिकटून आली. आता प्रत्येक ठोकळा आठवडाभर सुटा.

पुढच्या रांगेत भ आहे, त्याला याच ठोकळ्यांचा भुसा साठवून ठेवलाय. ढ ला ढलप्या, थ ला रंगांचेच थर, एकावर एक देऊन मग घासून उघडे केलेले. ष ला षटकोनी तुकडे. ज्ञ ला ज्ञानेश्वरीचं पान लावा असं दोघांनी सुचवलं, पण पोथीला कात्री लावणं माझ्याच्यानं होणार नाही. र ची रांगोळी काल रात्री चाळून डबीत भरली. य ला अजून काही हाती लागलेलं नाही. सुचलं तर सांगा, फक्त चिकटवता आलं पाहिजे.