बडनेऱ्याहून कोल्हापूरला : रुजू व्हायला निघालेल्यांसाठी

चौदाव्या मुलाखतीनंतर नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा रुजू व्हायला अठरा दिवस उरले होते. अमरावतीत ९ वर्षं मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, भूगोल शिकवला. दर पावसाळ्यात नवा अर्ज, नवी मुलाखत आणि सत्र संपलं की हातात काही नाही. आता कोल्हापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात पूर्णवेळ जागा मिळाली होती. ही वाट ज्यांनी चालली आहे त्यांना त्या कागदाचं वजन सांगायला नको. मी आधी रडले. मग समोर बसलेल्या आईकडे बघितलं आणि पोटात गोळा आला. बाबा जाऊन सहा वर्षं झालीत. आई ६८ वर्षांची आहे आणि आपलं घर सोडायला ती तयार नव्हती.

निघण्याआधी आम्ही दोघी माहूरला जाऊन आलो. रेणुकामाता आमची कुलदेवी. मला कौल हवा होता. गाभाऱ्यासमोर उभी राहून मी एकच विचारत होते, जाऊ का? काही झालं नाही. मन शांत झालं नाही, आतून कुठला आवाज आला नाही, मागच्या बाईने पुढे सरकायला सांगितलं आणि मी सरकले. गड उतरताना आई म्हणाली, "तिथं बी मायच हाये ना. माहूरची काय अन् कोल्हापूरची काय. तू जाय." साडेतीन पीठांतली दोन नावं मी लहानपणापासून एका दमात म्हणत आले होते, पण त्यांच्यामध्ये मी राहणार आहे असं कधी वाटलं नव्हतं. आईने देवीचा तांबूल एका छोट्या डबीत घेतला, अंबाबाईच्या ओटीचं सामान वेगळ्या पिशवीत बांधलं आणि दोन्ही माझ्या हवाली केलं.

त्या रात्री मी एका वहीत समोरासमोरची दोन पानं उघडली. डाव्या पानावर माझी कामं लिहिली : कागदपत्रं, तिकीट, खोली, सामान. उजव्या पानावर जे माझ्या हातात नाही ते : पगार कधी सुरू होईल, आईची तब्येत, पाऊस, तिथली माणसं कशी असतील. उजवं पान मी देवघरात ठेवलं तसं मनाने देवीपाशी ठेवलं. हे करून भीती गेली नाही. पण भीतीच्या भरात डाव्या पानावरचं काम अडलं नाही. माझ्यापुरता विश्वासाचा अर्थ तेवढाच आहे आणि तो मला पुरला.

आता डाव्या पानाबद्दल, कारण पाठोपाठ येणाऱ्यांना तेच उपयोगाचं. सगळी मूळ प्रमाणपत्रं स्वतःच्या खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पीएच.डी.ची पदवी, नेट किंवा सेटचं प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता, नेमणुकीचं पत्र, आणि तासिका तत्त्वावर काम केलेल्या प्रत्येक वर्षाचं अनुभवपत्र. हे अनुभवपत्र त्या गावात असतानाच, शिक्क्यासह घ्या, आठशे किलोमीटरवरून फोन करून ते मिळत नाही. आधी कायम नोकरीत असाल तर कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तिका यांचा पाठपुरावा निघण्याआधीच सुरू करा. प्रत्येकाच्या साक्षांकित प्रतींचे निदान पाच संच करा. मी तीन केले होते, पहिल्याच आठवड्यात संपले.

बॅगेबद्दल एवढ्या जोराने सांगते त्याला कारण आहे. सामान मी एका वाहतूकदाराच्या टेम्पोने पाठवलं होतं. तो चार दिवस उशिरा पोचला आणि ताडपत्री नीट बांधलेली नसल्याने पुस्तकांची दोन खोकी भिजली. बाबांनी घेऊन दिलेला नकाशासंग्रह त्यात होता. त्याची पानं एकमेकांना चिकटली, आजही सुटलेली नाहीत. प्रमाणपत्रं त्या खोक्यांत असती तर मी काय केलं असतं, हा विचार अजून नको वाटतो. जुलैत सामान हलवणार असाल तर पुस्तकं आधी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग खोक्यात भरा.

विदर्भातून येणाऱ्यांना गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पडते. बडनेऱ्याला दुपारी बसलं की रात्र गाडीत काढून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास कोल्हापूर. पुण्यात उतरून बसने जाण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला, पण सामान असेल तर एकाच गाडीत बसून राहणं बरं. मिरज सोडल्यावर झोपू नका. गाडी कृष्णा ओलांडते, मग जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडीजवळ पंचगंगा. त्या दिवशी दोन्ही नद्या तांबड्या पाण्याने भरून चालल्या होत्या आणि दुतर्फा उसाशिवाय काही दिसत नव्हतं. कपाशी आणि तुरीच्या मुलखातून आलेल्या मला ते हिरवं अंगावर आल्यासारखं झालं. मी डबी उघडून तांबुलाचा कण तोंडात टाकला.

छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरलात की मध्यवर्ती बसस्थानक जवळच आहे, पहिल्या रात्रीसाठी त्या भागात लॉज मिळतात. खोली मात्र लॉजवरून फोन करून ठरवू नका, स्वतः फिरून बघा. आणि कोल्हापुरात खोली बघताना भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारा : २०१९ ला आणि २०२१ ला इथे पाणी कुठवर आलं होतं?

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण हा माझा विषयही आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. या नद्या सह्याद्रीच्या ऐन पावसातून उतरतात. शहरात पाऊस थांबलेला असला तरी घाटमाथ्यावर कोसळत असेल तर नदी चढतच राहते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये इथली माणसं चहा पिता पिता हे आकडे बोलतात. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि "राधानगरीचे दरवाजे उघडले" हे वाक्य ऐकलं की नदीकाठचे लोक सामान वर चढवायला लागतात. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्याकडची वाहतूक बंद पडली होती. म्हणून पावसाळ्यात परगावी जाण्याचा बेत करताना परतीला एखादा दिवस मोकळा ठेवा, आणि घरात आठवडाभराचं धान्य असू द्या. नदीजवळचे आणि जयंती नाल्याच्या काठचे भाग टाळा. राजारामपुरी, सागरमाळ, विद्यापीठाकडचा भाग उंचावर आहे. मला राजारामपुरीत एका घराच्या मागच्या अंगाला खोली आणि स्वयंपाकघर मिळालं, भाडं साडेसहा हजार. भाडेकरार करून घ्या, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद होते ती करायला घरमालक टाळत असतील तर तुम्हीच आठवण द्या.

घरमालकीण मावशींनी पहिल्या संध्याकाळी दारात येऊन विचारलं, "जेवलाईसा काय? मी भाकरी घेऊन येतो." बाई "येतो" म्हणतात हे ऐकून मी क्षणभर गोंधळले. इथल्या बायका "मी आलो, मी जातो" असंच बोलतात आणि ऐकत राहिलं की त्यातला आपलेपणा कळतो. भाकरीबरोबर आलेला रस्सा मात्र जपून खा. वऱ्हाडी तिखटाची सवय असली तरी कांदा-लसूण मसाला वेगळी गोष्ट आहे. गंगावेशीला दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं, धारोष्ण दूध मिळतं, तिखटानंतर त्याची खरी किंमत कळते.

माझा बेत आधी अंबाबाईची ओटी भरून मग रुजू व्हायचा होता. शुक्रवार होता, दर्शनाची रांग मोठी होती आणि साडेदहाला प्राचार्यांच्या समोर उभं राहायचं होतं. मी रांगेतून बाहेर पडले. ओटीची पिशवी हातात घेऊनच रुजू अहवालावर सही केली. आधी फार अपराधी वाटलं. सही करून झाल्यावर वाटलं, ओटी इथवर आली आहे, म्हणजे आईही आलीच आहे. संध्याकाळी निवांत ओटी भरली आणि डबीतला उरलेला तांबूल देवळातल्या एका म्हातारीच्या हातावर ठेवला. "माहूरचा? लई पुण्य," असं म्हणून तिने तो डोळ्यांना लावला. तुमच्यासाठी सूचना : मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि नवरात्र सोडून जा. रांगेला वेळ नसेल तर स्थानिक लोक मुखदर्शन घेऊन कामाला जातात, तेही पूर्ण दर्शनच आहे.

पगाराचं सांगायचं राहिलं. रुजू झालात की लगेच पगार सुरू होतो असं समजू नका. आधी विद्यापीठाची मान्यता, मग उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाकडून वेतनाचं काम, असे टप्पे असतात. सहा महिन्यांच्या खर्चाची सोय करून या. माझ्याकडे तीन महिन्यांची होती. चौथ्या महिन्यात भाडं थकलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "पगार झाल्यावर द्या, पळून जाताय व्हय?" उजव्या पानावर "तिथली माणसं" असं लिहिलं होतं, त्यासमोर मी त्या दिवशी मावशींचं नाव लिहिलं.

मान्यतेच्या कागदांसाठी शिवाजी विद्यापीठात जाणं झालं. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं ब्रीद 'ज्ञानमेवामृतम्' आहे. मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. हे शहर बाहेरून शिकायला आलेल्यांना नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं अजून तशीच खोली करून, डबा लावून राहतात, सोमवारी पहाटे वडापने, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपने, गावाहून येतात. त्यांच्यासमोर उभं राहताना मला मी परकी वाटत नाही.

नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आला. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला पुन्हा. २२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखेच दिवस मोजले की सूर्य पुन्हा त्याच कोनात येतो, म्हणून. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं आणि संध्याकाळी स्वतः गेले. ढग होते. किरणं आत आली, फिकट झाली आणि मूर्तीपर्यंत पोचायच्या आत विझली. कुणी हळहळलं नाही. आरती सुरू झाली आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्यांचा ठेका धरला. माहूरला उभी होते तशीच उभी होते, पण या वेळी मी काही विचारत नव्हते.

पगार पाचव्या महिन्यात झाला. आईचं गुडघ्याचं दुखणं आहे तसंच आहे, शेजारच्या वहिनी रोज सकाळी डोकावून जातात. परवा रात्री फोनवर तिने विचारलं, "कवा येतं मंग?"

"परीक्षा संपल्या की येतो," मी म्हणाले.

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नव्हता. मग आई हसली आणि म्हणाली, "येतो म्हनते. झाली माही पोरगी तिथली."