रेल्वेच्या जुन्या डब्याचा भाग छापून बसवता येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘पंचवीस-तीस वर्षं जुन्या डब्याचा भाग बाजारात मिळत नाही, मग थ्रीडी प्रिंटरवर छापून का नाही बसवत?’ बसवतात की! जर्मनीच्या डॉइचे बान या रेल्वे कंपनीने 2015 मध्ये सुरुवात केली ती कोट अडकवायच्या हुकापासून.

हुक म्हणजे किरकोळ वाटेल, पण सगळी मेख त्यातच दिसते. पाठीची पट्टी टेबलावर टेकवून छापला, तर हुकाची मान थरावर थर चढत वर येते. जड बॅग लटकली की ती मुळाशी थरांमधूनच सुटते. तोच हुक कुशीवर झोपवून छापा. प्लास्टिकचा धागा पाठीपासून टोकापर्यंत सलग जातो आणि मान टिकते. फाइल तीच, प्लास्टिक तेच.

प्लास्टिकही कुठलंही चालत नाही. युरोपात प्रवासी डब्यातल्या वस्तूंना ईएन 45545 हे आगीचं मानक लागतं, म्हणून अल्टेम 9085 सारख्या प्लास्टिकच्या धाग्याचं महाग रीळ वापरतात. ते हवेतली ओल पितं. न वाळवता लावलं तर नोझलमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या तापलेल्या तोंडात, वाफ होऊन थरांत बुडबुडे राहतात. मुंबईच्या जुलैत असं रीळ उघडं ठेवूच नये.

ड्रॉइंग नसेल तर लोक जुना भाग स्कॅन करतात आणि इथेच फसतात. स्कॅनरला झीज कळत नाही. भोक घासून अर्धा मिलिमीटर मोठं झालं असेल, तर नवा भागही तेवढाच ढिला निघतो. म्हणून भोकाचं माप त्यात बसणाऱ्या पिनेवरून घ्यावं, तीही न झिजलेल्या टोकाला.

धातूचे मोठे भाग तारेच्या वेल्डिंगने थर चढवून करतात. शंटिंग इंजिनाच्या, म्हणजे यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाच्या, ॲक्सल बेअरिंगचं झाकण असंच बनवलं गेलं. साचा लागत नाही, हा मोठा फायदा. पण पृष्ठभाग खडबडीत येतो, म्हणून दोन-तीन मिलिमीटर जास्तीचं मटेरियल ठेवून नंतर मशीनिंग करावं लागतं. थर ज्या प्लेटवर चढवले, तिच्यावरून भाग घाईत आधी कापला तर आतला ताण मोकळा होऊन तो वाकतो. आधी भट्टीत ताण काढायचा, मग कापायचं.

झिजलेल्या रुळावर भर घालणं त्याहून नाजूक. रुळाच्या पोलादात कार्बन 0.7 टक्क्यांच्या आसपास असतो. थंड रुळावर वेल्डिंग केलं की भरीखालचा पट्टा झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो. तडा तिथून, वरून न दिसता, सुरू होतो. त्यामुळे रूळ आधी साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवतात आणि काम झाल्यावर अल्ट्रासॉनिकने, म्हणजे आत ध्वनिलहरी सोडून, तपासतात.